कांद्याचे प्रसंग

८ जून

चि. चिमीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातले निम्मे परत घेण्याच्या विचारात आहे, कारण पुढे येतंच आहे.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. फोन असताना वहिनी कागद का काळे करते, असं तुला वाटेल. तर बाई गं, फोन आहे स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि स्वयंपाकघरात आहेत तू शोधून दिलेल्या मावशी. मागच्या रविवारी मी तुला सहज सांगितलं ना, की तुझ्या दादाची बदली साहेबांनी अडवून धरली आहे? सोमवारी, स्वयंपाक करताना मावशी रोज सांगतात त्या गोष्टीतल्या साहेबाने एका गरीब कारकुनाची बदली पार एका बेटावर केली. वाटेत बोट बुडाली, आणि कारकुनाची बायको किनाऱ्यावर वेडी झाली. ती वेडी बोलताना सारखा चष्मा वर सरकवते म्हणे. आपल्या घरात बोलताना चष्मा कोण वर सरकवतं ते तुला माहीत आहे. तेव्हापासून फोनवर मी हो, नाही आणि बरं, एवढंच बोलते.

आई गेल्यावर बाबांनी जेवण टाकलं होतं, तू आलीस, जाताजाता या मावशी आणून उभ्या केल्यास आणि बाबा जेवायला लागले, हे मी विसरलेले नाही. पण ते कशाने जेवायला लागले, ते तू गेल्यावर कळलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त करताना शेजारी कोणी खोकलेलंही ज्यांना खपलं नाही, ते आपले बाबा आता सकाळी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसतात. पुढ्यात वाटाण्याच्या शेंगा आणि कान मावशींकडे. गोष्ट संपेपर्यंत उठत नाहीत आणि गोष्ट कधी संपत नाही.

बरं, बाईंचा स्वयंपाक गोष्टीच्या तालावर चालतो. मरणाचा प्रसंग आला की त्या कांदे चिरायला घेतात, म्हणजे डोळ्यांना पाणी आयतंच येतं. भांडण आलं की खलबत्त्यात लसूण. कुणाचं प्रेम जमलं की दूध तापायला ठेवतात आणि ते उतू जाईपर्यंत बघत उभ्या राहतात. कारकुनाची बोट बुडाली त्या दिवशी भाजीत कांदा, रश्श्यात कांदा, अंड्यात कांदा. आपल्याकडून त्या खाली शिंपीकाकांकडे जातात आणि तिथून वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. तिन्ही घरी तोच भाग, तोच कांदा. त्या दिवशी जिना चढताना माझे डोळे चुरचुरत होते.

मी म्हटलं, मावशी, आज जरा बटाटे करा. त्या म्हणाल्या, करते की, पण कारकून अजून सापडला नाही. आता याला काय म्हणावं?

तुझ्या ह्यांना नमस्कार. उरलेले निम्मे आशीर्वाद मावशी सुधारल्यावर पाठवीन.

तुझी,
वहिनी


१५ जून

प्रिय वहिनी,

साष्टांग घालायला इथे जागा नाही, म्हणून उभ्यानेच नमस्कार.

पत्र वाचून इतकी हसले की हे आतून विचारायला आले, काय झालं म्हणून. त्यांनाही वाचून दाखवलं. आता आमचा दोघांचा एकच प्रश्न आहे: तो कारकून सापडला का? एवढं लांबलचक लिहिलंस आणि नेमकं तेच गाळलंस!

इतकी वैतागू नकोस गं. उंटावरून शेळ्या हाकते आहे हे मला कळतं, पण बाबा जेवतात ना? मग खाऊ देत कांदा. आई गेल्यावर त्यांनी सरकवलेली ती भरली ताटं मी पाहिली आहेत. मावशी खोटं बोलतात असं तूसुद्धा म्हणत नाहीस, त्या जरा वाढवून सांगतात इतकंच. भाजीत पाणी वाढवण्यापेक्षा हे बरं.

एक मात्र मनाला लागतं. मी फोनवर दर वेळी म्हणते, बाबा, माझ्याकडे या, मी नीट बघीन तुमच्याकडे. ते बरं म्हणतात आणि फोन दादाला देतात. मागची खोली मोकळी करता येईल असं ह्यांनीही सांगून ठेवलं आहे. तू जरा त्यांच्या कानावर घाल.

दादाच्या साहेबांना बेटावर पाठवायचं मावशींनी मनावर घेतलं तर बरं होईल. लोभ आहेच, त्यात कांदा घालू नकोस.

तुझी,
चिमी


२ जुलै

चि. चिमीस,

आशीर्वाद. कारकून सापडला. एका कोळणीने जाळ्यातून ओढून काढला. दूध उतू गेलं.

पण आता जे चाललं आहे त्यापुढे कारकून परवडला. नवी गोष्ट सुरू झाली आहे. एक म्हातारे गृहस्थ, बायको नुकतीच वारलेली, मुलगा शेळपट आणि सून कजाग. ही सून दिवसभर दुकानात बसून जगाचे डोळे तपासते, आणि घरी आली की सासऱ्याचा चष्मा लपवते! म्हाताऱ्याला वर्तमानपत्र वाचता येऊ नये, कुणाची चिठ्ठी वाचता येऊ नये, भिंत चाचपडत जिना उतरावा लागावा म्हणून. वर ती त्याला जेवायला थंड वाढते.

चिमे, या इमारतीत चष्म्याच्या दुकानात नोकरी करणाऱ्या सुना किती आहेत?

मागच्या आठवड्यात बाबांच्या चष्म्याची दांडी तुटली होती, हे खरं. मी तो दुकानात नेला. त्या जुन्या घडणीची दांडी मिळेना, म्हणून दुसरा चष्मा देऊ का असं विचारलं, तर तोच हवा. शेवटी दुपारच्या सुट्टीत बसून मी स्वतःच्या हाताने एक दांडी घासून बसवली. तेवढे दिवस बाबा चष्म्याविना होते, आणि जिना उतरताना भिंतीला हात लावत होते. शिंपीणकाकू खाली दारातच बसलेल्या असतात. त्यांनी हे पाहिलं, आणि दुपारी मावशींकडून ते ऐकलं. झालं, दोन अधिक दोन बावीस.

परवा त्यांनी बाबांसाठी झाकून गरम भात पाठवला. वरच्या डॉक्टरीणबाई माझ्याशी जिन्यात बोलायच्या, त्या हल्ली दातसुद्धा दाखवत नाहीत. मी मावशींना स्पष्ट विचारलं, ही सून कोण? तिचं नाव काय? तर म्हणे, माझ्या गोष्टीत नावं नसतात, नाव घेतलं की गोष्ट आंबते. आणि घरोघरी मातीच्या चुली, जगात सुना काय तुम्ही एकट्याच का? बाबा शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी बाबांना कधी उलट बोललेली तुला आठवते का? आई गेल्यापासून तर मी या घरात चवड्यांवर चालते. रेडिओ हळू, दारं हळू, बोलणं हळू. त्याचं हे फळ. तुझा दादा म्हणतो, गोष्टच आहे, सोडून दे. मी म्हटलं, तुला तर शेळपट म्हटलं आहे. तो म्हणाला, तेही सोडून दे.

तुझ्याकडे येण्याचं मी बाबांच्या कानावर घातलं. बरं म्हणाले.

तुझी,
वहिनी (कजाग)


९ जुलै

सौ. वहिनींस,

सा. न. वि. वि.

शिंपीणकाकूंचं चार पानी पत्र आलं. मी लहानपणापासून त्यांना ओळखते. विनाकारण लिहिणाऱ्या त्या नव्हेत. बाबा जिन्यात भिंत चाचपडत उतरताना त्यांनी स्वतः पाहिले, एकदा नाही, अनेकदा. जेवण थंड मिळतं का असं त्यांनी बाबांना विचारलं, तर बाबा काही न बोलता नुसते हसले म्हणे. बाबा तक्रार करणाऱ्यांतले नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

तुम्ही चष्म्याचा खुलासा केला आहे. तो खरा असेलही. पण त्या वयाच्या माणसाला इतके दिवस डोळ्यांशिवाय ठेवायला नको होतं, आणि तेही घरात चष्मेवाली असताना. तुम्हाला नोकरी आहे, घर आहे, तुम्ही दमता, हे मी समजू शकते. म्हणूनच ठरवलं आहे. मागची खोली रिकामी केली. सुताराकडून खाट करून घेतली. येत्या २५ तारखेला मी येते आणि बाबांना कायमचं घेऊन जाते. त्यांचं सामान बांधून ठेवायला दादाला सांगावं.

मला भांडण नको आहे. कळावे,

चिमी


१४ जुलै

चिमीस,

तुझं पत्र पोचलं. त्यातलं ‘तुम्ही’सुद्धा पोचलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुझ्या वेण्या मी घालत होते. तेव्हापासून तू मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतंस.

ने बाबांना. तुझे वडील आहेत, मी कोण अडवणार? त्यांना मी सांगितलं, चिमी येते आहे, तिच्याकडे राहायला जायचं आहे. ते बरं म्हणाले आणि आपली घड्याळाची हत्यारं एकेक पुसून डब्यात भरायला लागले. काल सकाळी स्टूल रिकामं होतं. दुपारी ताट तसंच परत आलं. आई गेल्यावर यायचं, तसंच.

मावशींना मी उद्या कामावरून काढते आहे. एका बाईच्या जिभेपायी माझं नाव जिन्याजिन्यात झालं, नणंद तुटली आणि सासरे चालले. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी गप्प होते. आता नाही.

तुझा दादा सामान बांधतो आहे. एका पेटीत तीनदा कपडे भरून त्याने तीनदा काढले.

वहिनी


१५ जुलै

चि. चिमीस,

कालचं पत्र टपालपेटीत पडलं, म्हणून हे त्याच्यामागे धाडते आहे. आधी हे वाच, मग ते. जमलं तर ते वाचूच नकोस. बाबांना न्यायचं की नाही, हे पुरतं वाचल्याशिवाय ठरवू नकोस.

सकाळी मी मावशींना सांगितलं की उद्यापासून येऊ नका. गोष्टी सांगा, पण दुसऱ्याच्या घराची लाज वेशीवर टांगू नका. मावशींनी खलबत्ता ओढला आणि लसूण ठेचायला सुरुवात केली. म्हणजे भांडण. त्या म्हणाल्या, बेट माझं, बोट माझी, कोळीण माझी, ते सगळं मी कबूल करते. पण चष्म्याचा भाग माझा नाही. माझी सून चांगली होती. चष्मा घातला तो यांनी. आणि लसणीचा बत्ता त्यांनी बाबांवर रोखला.

बाबा बशी घेऊन चहाला आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. चिमे, ते लाजले नाहीत, घाबरले नाहीत. घड्याळात काय बिघाड आहे ते गिऱ्हाइकाला सांगावं, तसे शांतपणे सांगायला लागले. गोष्ट अडली होती म्हणे. सून औषध आणून देते, पाणी गरम करून देते, बरं वाटतं का विचारते, आणि हळूच दार लावून जाते. अशा सुनेवर गोष्ट दोन दिवससुद्धा चालत नाही, ऐकणारा झोपतो. म्हणून मी सुचवलं, असं बाबा म्हणाले, तिला चष्मा लपवू दे.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले. लग्नापासून साठलेलं सगळं ओरडले. दुपारच्या सुट्टीत उपाशी बसून दांडी घासली ती कुणासाठी? चोरासारखी चवड्यांवर चालते ती कुणासाठी? माझी लेक तुटल्यासारखी चिमी तुटली, ती या चहाटळपणापायी? तुम्हाला सूनच कजाग हवी असेल तर ही घ्या! खाली शिंपीकाकांचं मशीन बंद पडलेलं मला ऐकू आलं, तरी मी थांबले नाही.

आणि बाबा मान उचलून, डोळे लावून ऐकत होते. आई गेल्यापासून त्यांना इतकं जागं मी पाहिलं नव्हतं. माझं संपल्यावर ते उलट ओरडले! मोरीतला दिवा मी रोज चालू ठेवते म्हणे. कात्रीने दोरा कापायचा सोडून दातांनी तोडते म्हणे. आणि ती दांडी मी घासली आहे, पण डाव्या कानावर ती अजून तिरकीच बसते, चांगल्या कारागिराने असं काम हाताबाहेर जाऊ दिलं नसतं. मी म्हटलं, मग दुसरा चष्मा का नाही घेतलात? ते म्हणाले, तो तिने पसंत केला होता. म्हणजे तुझ्या आईने.

मी वळून चुलीकडे पाहिलं. मावशी उलथनं धरून उभ्या होत्या आणि भात करपला होता. बाबांनी विचारलं, करपला तेवढा वगळून वरचा मिळेल का. दोनदा मागून घेतला.

जेवताना ते म्हणाले, चिमीची आई रोज भांडायची माझ्याशी, दिव्यावरून, दोऱ्यावरून, कशावरूनही. ती गेली आणि सगळ्यांनी आवाज खाली केला. माझ्यासमोर कुणी हसेना, कुणी चिडेना. काही दिवसांनी मला वाटायला लागलं, ती राहिली आणि गेलो तो मीच. गोष्टीतल्या म्हाताऱ्यावर कुणीतरी चिडत होतं, म्हणून बरं वाटायचं.

मी मोरीत जाऊन रडले. कांदा नव्हता.

सोबत बाबांची चिठ्ठी आहे. मी वाचलेली नाही. मावशींनी वाचली आहे.

तुझी,
वहिनी


(सोबतची चिठ्ठी)

चि. चिमीस,

आशीर्वाद.

तुझी वहिनी थंड वाढत नाही. गरम वाढते, तोंड भाजतं. शिंपिणीला मी हसलो ते तिने भात फार मऊ केला होता म्हणून.

तू नेते म्हणशील तर येईन, हत्यारं भरली आहेत. पण एक सांगतो. तू फोनवर माझ्याशी नर्सबाईसारखी बोलतेस. जेवलात का, झोपलात का, गोळी घेतली का. लहानपणी माझं अलार्मचं घड्याळ तू पाण्यात बुडवलंस आणि वर मलाच म्हणालीस की ते बंदच होतं. तसं कोणी तुझ्या घरी बोलणार असेल तर खाटेवर झोपेन. नाहीतर इथे मला शब्दांचा मार बसतो आहे, तो बरा.

बाबा


२२ जुलै

प्रिय वहिनी,

नमस्कार. या वेळी खरंच साष्टांग, जागा करून.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, आणि मी नेमकं १४ तारखेचं आधी वाचलं. ते ‘तुम्ही’ लिहिताना माझा हात अडखळला होता, तरी लिहिलं. आता खोडरबराने जाणार नाही ते.

पण मी तुम्हा सगळ्यांवर जाम चिडले आहे, हे आधी ऐकून घे. ह्यांचे जुने कागद मी माळ्यावर चढवले, त्या धुळीने हे अजून शिंकताहेत. सुताराला घाई करून खाट करून घेतली, त्याने एक पाय आखूड केला, तो पुन्हा करून घेतला. आणि आता कळतं की एक गृहस्थ वाटाणे सोलता सोलता सुनेला बदनाम करत होते, कारण गोष्ट अडली होती! मला साधं सांगता येत नव्हतं? चिमे, माझ्याशी भांड, एवढं म्हणायला काय झालं होतं?

आणि खरं सांगू? काकूंचं पत्र मला लगेच पटलं, कारण ते पटावं असंच मला वाटत होतं. तू वाईट ठरलीस की बाबा माझ्याकडे आले असते. आईच्या शेवटच्या दिवसांत मी नव्हते. सगळं तू केलंस. निदान बाबांचं तरी मी करावं म्हणून धडपडत होते, आणि त्यासाठी तुला कजाग ठरवायलाही तयार झाले. आता ती खाट बघवत नाही.

२५ला मी येत नाही. कुठल्या तोंडाने येऊ? शिंपीणकाकूंना मी चार ओळी खरमरीत लिहिल्या आहेत. मावशींना काढू नकोस. पण त्यांना सांग, माझ्यावर काही रचू नका.

तुझी (रागावलेली, आणि ओशाळलेली),
चिमी


३० जुलै

चि. चिमीस,

अनेक आशीर्वाद, मागचे राहिलेले निम्मे धरून.

मावशींना सांगायला उशीर झाला. तुझं पत्र बाबांनी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मोठ्याने वाचलं. सगळं. खाटेच्या आखूड पायासकट. पालथ्या घड्यावर पाणी, आणखी काय? दुसऱ्या दिवशी नवी गोष्ट सुरू. एक लेक दूर गावी राहते. बापासाठी खोली रिकामी करते, खाट करून घेते, रोज त्यावर चादर घालते, रोज काढते. बाप काही येत नाही. एवढं सांगून मावशींनी कांद्याची टोपली पुढे ओढली.

बाबांनी टोपलीवर हात ठेवला. म्हणाले, कांदा नको. पोरगी दूर आहे, मेलेली नाही. खाट तयार आहे ना, मग त्या बापाला जाऊ दे. मावशी म्हणाल्या, बाप नुसता गेला तर त्याला गोष्ट कोण म्हणेल, तो तर प्रवास झाला. बाबा म्हणाले, होऊ दे प्रवास. मावशींनी टोपली ओढली, बाबांनी सोडली नाही, आणि कांदे सगळ्या फरशीभर झाले. शेवटी बटाटे केले, चिमे. दोन महिन्यांनी या घरात बटाटे.

तर ऐक. ६ तारखेला तुझा दादा बाबांना घेऊन येतो आहे. महिनाभर ते तुझ्याकडे राहतील, मग परत. हत्यारांचा डबा बरोबर आहे, तुझ्याकडचं पाण्यात पडलेलं घड्याळ असेल तर काढून ठेव, ते विसरलेले नाहीत. महिनाभर गोष्ट थांबवून ठेवा, असं त्यांनी मावशींना बजावलं, तर मावशी म्हणाल्या, चुलीवरचं थांबतं का? त्यामुळे त्या सांगणार आणि मी दर आठवड्याला लिहून तुझ्या पत्त्यावर धाडणार, असं त्या दोघांनी परस्पर ठरवलं आहे. मला कुणी विचारलं नाही. वर मावशींची अट अशी, की मी माझ्या मनाचं काही गाळायचं नाही!

शिंपीणकाकू काल जिन्यात भेटल्या. तुझं पत्र पोचलं आहे. माझ्याशी फार गोड बोलल्या आणि हळूच विचारलं, त्या सुनेने चष्मा शेवटी दिला का. मी म्हटलं, दिला, पण तिरका.

एवढंच लक्षात ठेव. बाबा उतरतील तेव्हा त्यांना कसे आहात असं विचारू नकोस. उशीर का केलात म्हण, पेटी एवढी जड का आणलीत म्हण. मोरीतला दिवा चालू ठेव. त्यांच्यासमोर दोरा दाताने तोड. ते ओरडले की माघार घेऊ नकोस, आईचा आवाज तुझ्यात आहे. आणि जेवायला वाढताना गरम वाढ.

कळावे. आमचा लोभ आहेच. बाबांशी मात्र भांडण असावे, ही विनंती.

तुझी,
वहिनी